एथस वंशातील जमिनीतले ढेकूण : पार्श्वभूमी

मृगाचे पहिले पाऊस झाले की परभणी-नांदेडकडे अंगणातल्या दिव्याखाली काळेभोर, चकाकणारे किडे पडू लागतात आणि त्या सगळ्यांनाच सरसकट भुंगेरे म्हटले जाते. त्यांतला एखादा उलटा करून पाहिला आणि पोटाशी दुमडलेली सोंड दिसली, तर तो भुंगेरा नव्हे, ढेकूणवर्गातला कीटक होय. पुढच्या पायांच्या नळ्या रुंद व काटेरी आणि डोक्याच्या कडेला केसांबरोबर बारीक खुंट्या असल्यास तो एथस असण्याचा संभव वाढतो.

अठराव्या शतकातील वर्गीकरणात अशा बहुतेक कीटकांना खाटेतल्या ढेकणाच्याच, म्हणजे सायमेक्स या वंशात टाकले जाई. आपण कपाशीवरच्या किड्याला ‘लाल ढेकण्या’ म्हणतो, तसाच तो प्रकार होता. 1803 मध्ये सिडनस वंश वेगळा काढण्यात आला, 1837 मध्ये त्यातच ‘इंडिकस’ या जातीचे वर्णन झाले आणि 1851 मध्ये एथस वंश उभा राहिला; ‘इंडिकस’ हीच त्याची नमुना-जाती, म्हणजे वंशाचे नाव जिच्याशी बांधलेले असते ती जाती. (‘प्रजाती’ हा शब्द कोशांत वंशासाठी आणि वर्तमानपत्रांत जातीसाठी येतो, म्हणून तो येथे टाळला आहे.) 1902 च्या ब्रिटिश भारताच्या कीटकसूचीत जमिनीतल्या ढेकणांचा हा सगळा गट स्वतंत्र कुल म्हणून नव्हे, तर उपकुल म्हणून आला.

खरा गुंता 1993 चा आहे. ‘इंडिकस’ या एकाच नावाखाली दोन जाती नांदत असल्याचे दाखवून त्यांपैकी एकीला ‘एथस स्यूडइंडिकस’ असे नाव देण्यात आले. नावाचा अर्थच ‘खोटा इंडिकस’. दोन्ही जाती वरवर इतक्या सारख्या आहेत की नुसत्या रंग-आकारावरून त्या वेगळ्या करू पाहणे व्यर्थ आहे. काहींना अशी विभागणी म्हणजे विनाकारण काढलेला कीस वाटते. मात्र तिने झालेली अडचण नव्या नावाची नाही, जुन्या नोंदींची आहे: त्याआधीच्या दीडशे वर्षांत ज्या ज्या नमुन्यावर ‘इंडिकस’ अशी चिठ्ठी लागली, तो यांपैकी कोणता, हे सुईवर टोचलेला मूळ किडा पुन्हा भिंगाखाली घेतल्याशिवाय सांगता येत नाही. नमुना जपलेला नसेल, तर ती नोंद वंशापुरतीच धरावी. मराठवाड्यातील एखाद्या यादीत ‘एथस इंडिकस’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती कोणत्या वर्षाची आहे, हे आधी पाहावे लागते.