सीरमचे पट्टे: उष्णता आवरण्याचा इतिहास

परळच्या रुग्णालयांत मायलोमाचा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाचा, संशय आला की सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस सांगतात: सीरममधली, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या द्रवातली, प्रथिने विजेच्या जोरावर वेगवेगळ्या पट्ट्यांत सरकवायची. रिपोर्टमध्ये नजर आधी गॅमा भागावर, म्हणजे अल्ब्युमिनपासून सर्वांत दूरच्या टोकावर, जाते. तिथे एरवी पसरट, फिकट डाग असतो. त्याऐवजी रेघ ओढल्यासारखा गडद पट्टा उमटला तर तो एम-बँड. एकाच पेशीकुळातून आलेले एकाच साच्याचे इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंड) तिथे दाटलेले असते.

ही रेघ इतकी स्वच्छ मिळायला बराच काळ गेला. आधी क्षारांवर भागत असे: सीरम अमोनियम सल्फेटने अर्धे संपृक्त केले की ग्लोब्युलिन खाली बसते, अल्ब्युमिन वर राहते. इतकेच दोन गट. स्वीडनमध्ये उप्सालाला आर्ने टिसेलियस यांनी सीरममधून वीज सोडली, पण विजेने द्रावण तापते, तापलेले वर चढते आणि प्रथिनांच्या सीमा विस्कटतात. म्हणून त्यांनी यू आकाराच्या नळीचा छेद चपटा, आयताकृती ठेवला आणि ती 4 अंशांच्या आसपास थंड केली. पाण्याची घनता तिथे सर्वाधिक असते, तापमान किंचित हलले तरी ती जवळपास बदलत नाही. 1937 मध्ये अल्फा, बीटा, गॅमा ही विभागणी मांडली गेली; 1948 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

पुढे द्रावणाऐवजी कागद आला. प्रवाहांचा त्रास मिटला, पण एका तपासणीला रात्र जाई आणि अल्ब्युमिन कागदाला चिकटून मागे शेपूट सोडी. 1957 मध्ये जोकिम कोन यांनी सेल्युलोज अॅसिटेटची पट्टी आणली आणि काम तासाच्या आत आले. ही पट्टी बफरवर नुसती तरंगत ठेवायची, तिला खालून भिजू द्यायचे. एकदम बुडवली तर आत हवा अडकते, पांढरे ठिपके राहतात आणि तिथे पट्टे वाकतात. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे द्रावण, बार्बिटलचा, पीएच 8.6. सीरम ऋण टोकाकडे लावायचे आणि झाकण बंद ठेवायचे, नाहीतर पट्टी सुकते. नंतर पॉन्सो एस या लाल रंगाने रंगवून, पार्श्वभूमी पांढरी होईपर्यंत 5 टक्के अॅसेटिक आम्लात धुवायचे.

आता पट्टीच्या जागी अॅगॅरोज जेल आणि केसासारख्या बारीक नळ्या (केशनलिका) आहेत, तरी नमुन्याचे दोष तेच. मे महिन्यात उपनगरातल्या कलेक्शन सेंटरहून नमुना बर्फाशिवाय आला तर सी3 हे प्रथिन तुटते आणि त्याचा बीटा-2 पट्टा फिका पडतो. रक्तपेशी फुटल्या असतील तर हिमोग्लोबिन अल्फा-2 आणि बीटाच्या भागात गोंधळ घालते. सगळ्यात फसवा फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठताना वापरले जाणारे प्रथिन. डायलिसिसच्या रुग्णाला हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध दिलेले असते, रक्त पुरते गोठत नाही, फायब्रिनोजेन सीरममध्ये उरते आणि बीटा-गॅमाच्या मध्ये हुबेहूब एम-बँडसारखी रेघ येते. अशा वेळी इम्युनोफिक्सेशन लावायचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचा एकेक प्रकार वेगळ्या पट्टीत ओळखायचा. जी, ए, एम, कप्पा, लॅम्डा यांपैकी एकाही पट्टीत ती रेघ उमटली नाही, तर नमुन्यात थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे एन्झाइम घालून तो गोठवायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये पुन्हा फिरवायचा आणि मगच जेलवर घ्यायचा.