अमेरिकेतल्या छोट्या एअरपोर्टवर फ्लाइंग स्कूल किंवा विमान दुरुस्तीचा धंदा टाकायचाय? आधी मिनिमम स्टँडर्ड्स बघा

पायलट लायसन्स झालं, विमानात थोडी पार्टनरशिपही घेतली, आता स्वतःचं फ्लाइंग स्कूल काढू या असं डोक्यात असलेल्या आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, एफएएची (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) परवानगी कशी मिळते? तेही लागेल, पण आधी एअरपोर्टच्या मालकाला गाठा, म्हणजे सिटी, काउंटी किंवा एअरपोर्ट ऑथॉरिटी, जे कोण असेल ते. त्यांच्याकडे बहुतेक वेळा 'मिनिमम स्टँडर्ड्स' नावाचं डॉक्युमेंट असतं आणि कुठल्या धंद्याला किमान किती जागा, किती माणसं, किती विमानं, किती तास उघडं ठेवायचं, किती रकमेचा इन्शुरन्स हे सगळं त्यात असतं. एअरपोर्टच्या वेबसाइटवर नसेल तर मॅनेजरला ईमेल करून मागा.

हे डॉक्युमेंट करायची एफएएची सक्ती नाही बरं का, फक्त जोरदार शिफारस आहे (२००६ चं अ‍ॅडव्हायजरी सर्क्युलर १५०/५१९०-७). म्हणून एका एअरपोर्टचे आकडे दुसरीकडे लागू नाहीत, मित्राने टेक्ससमध्ये काय भरलं ते ओहायोत चालेलच असं नाही.

पण एअरपोर्टने फेडरल ग्रँट (केंद्र सरकारचं अनुदान) घेतली असेल तर त्यालाही अटी आहेत, त्यांना ग्रँट अश्युरन्स म्हणतात. आपल्या कामाच्या दोन, २२ नंबर म्हणजे सारख्या धंद्यांना सारखी वागणूक आणि २३ नंबर म्हणजे कुणा एकाला मक्तेदारी द्यायची नाही. ही मक्तेदारीची बंदी १९३८ च्या कायद्यापासून आहे. सोसायटीची कमिटी जुन्या दुकानदाराला सांभाळायला नवीन माणसासमोर अटींचा डोंगर उभा करते ना, नेमकं तेच इथे चालत नाही. अट त्या धंद्याशी संबंधित हवी, वाजवी हवी आणि सगळ्यांना सारखी हवी. तुम्हाला फक्त शिकवायचंय आणि एअरपोर्ट म्हणतं की इंधनविक्रीपण करा, तर कारण विचारा. मात्र एअरपोर्टवर एकच एफबीओ आहे (इंधन, पार्किंग वगैरे देणारी मुख्य कंपनी) म्हणजे मक्तेदारी झाली असं नाही, कदाचित दुसरं कोणी आलंच नसेल. आणि एअरपोर्ट स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून इंधन विकत असेल तर ते काम एकट्याकडे ठेवायचा हक्क त्याला आहे, तिथे भांडून उपयोग नाही.

आता पात्रता. एकच सेवा देणाऱ्याला सासो म्हणतात, बहुतेक आपली माणसं यातच बसतात. शिकवायला सीएफआय (फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं) लायसन्स लागतं. पुढे येणारे 'पार्ट' म्हणजे फेडरल विमान नियमांचे भाग. पार्ट ६१ खाली शिकवत असाल तर स्कूलचं वेगळं सर्टिफिकेट लागत नाही, पार्ट १४१ चं स्कूल सर्टिफिकेट हवं असेल तर एफएएकडे वेगळा अर्ज. चार्टरला (विमान भाड्याने घेऊन प्रवासी नेणं) पार्ट १३५, रिपेअर स्टेशनला पार्ट १४५. विमान स्वतःच्या नावावर रजिस्टर करायला सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले चालतात. व्हिसावर असाल तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, एअरपोर्टवाला यात काही सांगू शकत नाही. परदेशी विद्यार्थी घेणार असाल तर टीएसएचे (विमान प्रवासाची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नियम वेगळे, तेही वाचून ठेवा.

कागदपत्रं साधारण अशी मागतात: अर्जाचं पत्र, कंपनी रजिस्ट्रेशनचे कागद, बिझनेस प्लॅन, बँक किंवा आर्थिक क्षमतेचा पुरावा, अनुभव आणि रेफरन्स, एफएए सर्टिफिकेटच्या कॉप्या, हवी असलेली जागा दाखवणारा नकाशा आणि इन्शुरन्स सर्टिफिकेट. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इन्शुरन्सचा, कारण त्यावर सिटी किंवा काउंटीचं नाव 'अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड' (तुमच्याच पॉलिसीत संरक्षण मिळणारा आणखी एक) म्हणून लागतं आणि नवीन स्कूलला कोट मिळायलाच वेळ जातो, म्हणून लीजवर सही करायच्या आधी ब्रोकरकडून लेखी कोट घ्या.

अर्ज मॅनेजरकडे जातो, तो तपासतो, मग बहुतेक ठिकाणी एअरपोर्ट बोर्ड किंवा सिटी कौन्सिलच्या खुल्या मीटिंगमध्ये लीज मंजूर होते. त्या मीटिंगला स्वतः जा, शेजारचे हँगरवाले आवाजाची तक्रार घेऊन आलेले असतात. नवीन हँगर बांधणार असाल तर एफएएचा फॉर्म ७४६०-१ (बांधकामाची पूर्वसूचना) काम सुरू व्हायच्या किमान ४५ दिवस आधी भरायचा.

स्वतःच्या विमानात स्वतः किंवा स्वतःच्या कर्मचाऱ्याकडून इंधन भरणं, दुरुस्ती करणं हा कमर्शियल धंदा नाही, त्याला ही स्टँडर्ड्स लावत नाहीत, सुरक्षेचे वाजवी नियम तेवढे पाळायचे. पण चार मालकांनी मिळून को-ऑप करून एकमेकांना इंधन दिलं तर ते यात बसत नाही.

नकार आला तर? जागा नाही, स्टँडर्ड्स पूर्ण होत नाहीत, ही कारणं असू शकतात. 'सेफ नाही' म्हणाले तर शेवटचा शब्द एअरपोर्टचा नाही, एफएएचा असतो, स्कायडायव्हिंगच्या बाबतीत हा वाद नेहमीचा. आधी एफएएच्या एअरपोर्ट्स डिस्ट्रिक्ट ऑफिसकडे पार्ट १३ ची अनौपचारिक तक्रार, तिथे नाही सुटलं तर पार्ट १६ ची औपचारिक तक्रार. पार्ट १६ मध्ये तुम्ही आधी समजुतीने सोडवायचा प्रयत्न केला होता हे दाखवावं लागतं, आणि नुकसानभरपाई मिळत नाही, फक्त एअरपोर्टला नियम पाळायला लावता येतं. म्हणून फोनवर 'नाही' ऐकून गप्प बसू नका, नकार कारणासकट लेखी मागा, आणि ग्रँट न घेतलेल्या प्रायव्हेट एअरपोर्टवर ग्रँट अश्युरन्सच्या या अटी लागू होत नाहीत हे अर्ज करायच्या आधीच तपासा.