परदेश प्रवासासाठी ई-सिम : पात्रता, कागदपत्रे आणि फोनमध्ये बसवण्याची रीत

परदेशात उतरल्याबरोबर इंटरनेट सुरू व्हावे म्हणून प्रवासापुरते जे सिम घेतले जाते आणि ज्याला हातात धरण्याजोगे कार्ड नसते, त्याला ट्रॅव्हल ई-सिम म्हणतात. फोनच्या आत कारखान्यातच एक छोटी चिप जोडलेली असते. सिम विकत घेतल्यावर आपल्याला एक क्यूआर कोड मिळतो आणि तो स्कॅन केला की परदेशी मोबाइल कंपनीची प्रोफाइल, म्हणजे सिमची सगळी माहिती, इंटरनेटवरून या चिपमध्ये उतरते. ही प्रोफाइल उतरवायला आधीच चालू असलेले इंटरनेट लागते, ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. सोलापूरहून परदेशी थेट विमान नसल्याने आपला प्रवासी बहुधा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठतो आणि पुढे विमानतळावर सामान, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी या धांदलीत सापडतो. तेथे बसून क्यूआर कोड स्कॅन करत राहणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणे आहे. खरेदी आणि प्रोफाइल बसवणे ही दोन्ही कामे निघण्यापूर्वी एक-दोन दिवस आधी, घरच्या वायफायवर उरकावीत आणि परदेशात उतरल्यावर फक्त दोन बटणे बदलायची बाकी ठेवावीत.

फोन पात्र आहे का, हे कसे पाहावे

पहिली अट फोनची आहे. कॉल करण्याच्या पडद्यावर *#०६# असे टाइप केले असता फोनची ओळख असलेला १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. त्यासोबत ई-सिमच्या चिपची ओळख असलेला ३२ अंकी ईआयडी क्रमांकही दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची चिप आहे असे समजावे, आणि तो दिसला नाही तर सेटिंग्जमध्ये ‘ॲड ई-सिम’ हा पर्याय आहे का ते पाहावे. आयफोनमध्ये ही सोय २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआर या मॉडेलांपासून आहे. सॅमसंग आणि पिक्सेलच्या वरच्या श्रेणीतील अलीकडच्या फोनमध्ये ती बहुधा असते, मात्र स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये पुष्कळदा नसते. मॉडेलचे नाव तेच असले तरी फोन कोणत्या देशासाठी बनवला आहे यावरही हे ठरते. चीनच्या मुख्य भूमीत विकले गेलेले बहुतेक आयफोन दोन साधी सिम घेतात, ई-सिम घेत नाहीत. म्हणून सोलापूरच्या नवी पेठेतील बाजारातून वापरलेला फोन घेतला असेल किंवा नातेवाइकाने बाहेरून आणून दिला असेल, तर मॉडेलच्या नावावर विसंबू नये, ईआयडी स्वतः पाहावा.

दुसरी अट फोन कोणत्याही एका मोबाइल कंपनीशी बांधलेला नसण्याची. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असे जाऊन ‘कॅरिअर लॉक’ या ओळीसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे लिहिलेले असले पाहिजे. भारतात घेतलेल्या फोनला सहसा ही अडचण येत नाही, अमेरिकेत हप्त्यावर घेतलेल्या फोनला मात्र येऊ शकते.

कोठून घ्यावे आणि कोणती कागदपत्रे लागतात

परदेशी कंपन्यांची सिम भारतात विकण्यासाठी विक्रेत्याला दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. असे प्रमाणपत्र नसल्याच्या कारणावरून २०२४ च्या जानेवारीत दोन परदेशी ई-सिम ॲप भारतातील ॲप स्टोअर आणि प्ले स्टोअरवरून काढून टाकण्याचे आदेश देण्यात आले होते. त्यामुळे समाजमाध्यमावर दिसलेल्या स्वस्त जाहिरातीवरून पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याकडे परवानगी आहे का याची खातरजमा करावी. अधिकृत विक्रेता ग्राहकाची ओळख पटवून घेतो. त्यासाठी पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत, व्हिसाची प्रत आणि जाण्या-येण्याचे तिकीट अशी कागदपत्रे पीडीएफ स्वरूपात तयार ठेवावीत. तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळते का हेही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण वडिलांचे नाव मध्ये घालण्याच्या आपल्या पद्धतीमुळे येथे गफलत होते. काही ठिकाणचे नियम आणखी कडक आहेत. हाँगकाँगमध्ये स्थानिक सिम खऱ्या नावाने नोंदवावेच लागते. सौदी अरेबियात दुकानातून स्थानिक सिम घेताना पासपोर्टबरोबर बोटांचे ठसेही द्यावे लागतात, त्यामुळे उमऱ्याला जाणाऱ्या वयस्कर मंडळींसाठी घरूनच ई-सिम बसवून देणे सोयीचे पडते.

पैसे भरताना एक अडसर हमखास येतो. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२० पासून लागू असलेल्या नियमानुसार नवे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी आपोआप चालू नसते, ते ग्राहकाने स्वतः बँकेच्या ॲपमधून चालू करायचे असते. विक्रेता परदेशातून रक्कम वसूल करत असेल, तर ही सोय आधी चालू करावी आणि काम झाल्यावर बंद करावी.

प्लॅन निवडताना देशांची यादी शब्दशः वाचावी. ‘युरोप’ असे नाव असलेल्या प्रत्येक प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड किंवा तुर्कस्तान असतेच असे नाही, आणि वाटेत दुबई किंवा दोहा येथे सहा तास थांबायचे असले तरी त्या देशात तो प्लॅन चालत नाही. मुदत कधीपासून मोजली जाते, प्रोफाइल बसवल्यापासून की परदेशी नेटवर्कला प्रथम जोडल्यापासून, हेही पाहावे. पहिल्या प्रकारचा प्लॅन असेल, तर तो आठवडाभर आधी बसवून ठेवल्यास मुदत सोलापुरातच संपू लागते. बहुतेक ट्रॅव्हल ई-सिम फक्त डेटा देतात, फोन नंबर देत नाहीत. चार-पाच दिवसांचाच दौरा असेल, तर आपल्याच कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घेणे, जरा महाग पडले तरी, माझ्या मते अधिक सुटसुटीत आहे.

फोनमध्ये बसवणे

क्यूआर कोड ई-मेलने येतो, आणि ज्या फोनमध्ये सिम बसवायचे त्याच फोनवर तो उघडला तर स्कॅन करायचा कशाने, हा प्रश्न पडतो. म्हणून त्याची छापील प्रत घ्यावी किंवा तो घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडावा. आयओएस १७.४ किंवा त्यापुढची आवृत्ती असलेल्या आयफोनवर कोडच्या चित्रावर बोट दाबून धरले तरी काम होते. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील मोबाइल सर्व्हिस किंवा मोबाइल डेटा, सॅमसंगमध्ये कनेक्शन्समधील सिम मॅनेजर आणि पिक्सेलमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटमधील सिम्स येथे ई-सिम जोडण्याचा पर्याय मिळतो. कोड वाचला गेला नाही, तर ई-मेलमध्येच दिलेला सर्व्हरचा पत्ता आणि ॲक्टिव्हेशन कोड हाताने भरता येतो. पडदा दोन-तीन मिनिटे तसाच थांबलेला दिसला, तरी मध्येच मागे जाऊ नये. बसवून झाल्यावर नव्या सिमला ‘प्रवास’ आणि आपल्या नेहमीच्या सिमला ‘घर’ असे नाव द्यावे, कारण परदेशात घाईच्या वेळी ‘प्रायमरी’ कोणते आणि ‘सेकंडरी’ कोणते ते आठवत नाही. भारतात असताना नव्या सिमसमोर ‘नो सर्व्हिस’ दिसणे स्वाभाविक आहे.

माझे मेहुणे टॉवेलच्या धंद्यात आहेत आणि फ्रँकफर्टला दर जानेवारीत भरणाऱ्या हाइमटेक्स्टिल या गृहवस्त्रांच्या प्रदर्शनाला ते गेले होते. विमानतळावर उतरल्यावर ई-सिमला रेंजच्या काड्या दिसत होत्या, पण इंटरनेट येत नव्हते. सिम बिघडले असे समजून त्यांनी प्रोफाइलच काढून टाकली आणि क्यूआर कोड पुन्हा स्कॅन केला, तेव्हा हा कोड आधीच वापरला गेला आहे असा संदेश आला. बहुतेक कोड एकदाच चालतात. प्रत्यक्षात त्या सिमचे ‘डेटा रोमिंग’ हे एक बटण चालू करायचे राहिले होते. ट्रॅव्हल ई-सिम पुष्कळदा तिसऱ्याच देशातील कंपनीचे असते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने जर्मनी हाही परदेशच ठरतो आणि रोमिंग चालू केल्याशिवाय ते डेटा देत नाही. विमानतळाच्या वायफायवरून विक्रेत्याशी बोलून नवा कोड मिळवण्यात त्यांचा अर्धा दिवस गेला.

तेव्हा उतरल्यावर मोबाइल डेटासाठी ‘प्रवास’ हे सिम निवडावे आणि त्याचे डेटा रोमिंग चालू करावे. ‘घर’ या सिमचे डेटा रोमिंग बंद असल्याची खात्री करावी, आणि एका सिमवरून दुसऱ्यावर डेटा आपोआप वळवण्याची जी सोय फोनमध्ये असते तीही बंद ठेवावी, नाहीतर रेंज कमी होताच भारतीय सिमवर बिल चढू लागते. एवढे करूनही इंटरनेट आले नाही, तर फोन एकदा बंद करून चालू करावा, विक्रेत्याने एपीएन (फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारे नाव) दिला असल्यास तो सेटिंग्जमध्ये भरावा आणि नेटवर्क हाताने निवडून पाहावे. प्रोफाइल काढून टाकण्याच्या वाटेला मात्र विक्रेत्याशी बोलल्याशिवाय जाऊ नये.

भारतीय सिमचे काय करावे

बँकेचे ओटीपी भारतीय नंबरवरच येतात, म्हणून ते सिम फोनमधून काढू नये आणि बंदही करू नये. परदेशात त्यावर एसएमएस यायचे असतील, तर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा निघण्यापूर्वी चालू करून घ्यावी लागते, आणि एसएमएस घेण्यास किती पैसे पडतात हे त्याच वेळी विचारून घ्यावे. त्या नंबरवर आलेला फोन उचलल्यास पॅक नसताना चांगलाच दर लागतो, तेव्हा घरच्यांना व्हॉट्सॲपवर बोलायला सांगावे. व्हॉट्सॲपचा नंबर जुनाच राहतो. नवे सिम पाहून ॲपने नंबर बदलायचा का असे विचारले, तर नकार द्यावा. संयुक्त अरब अमिरातीत मात्र व्हॉट्सॲपवरील कॉलवर निर्बंध आहेत, तेथे लेखी संदेशांवर भागवावे लागते.

काही जण उत्साहाच्या भरात निघण्याच्या आदल्या दिवशी आपले नेहमीचे सिमच ई-सिममध्ये बदलून घेतात. सिम बदलल्यानंतर सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, त्यामुळे नेमका प्रवासाच्या दिवशी एकही ओटीपी येत नाही. हा बदल करायचाच असेल, तर तो किमान आठवडाभर आधी करावा आणि त्यानंतर बँकेची व यूपीआयची ॲप पुन्हा नीट चालतात का ते घरीच तपासून घ्यावे.

परत आल्यावर मोबाइल डेटा पुन्हा ‘घर’ या सिमवर आणावा आणि कार्डाची परदेशी सोय चालू राहिली असेल तर बंद करावी. ‘प्रवास’ या सिममध्ये पुन्हा रक्कम भरून ते पुढच्या दौऱ्याला वापरता येते का हे विक्रेत्याला विचारावे, आणि येत नसेल तरच ती प्रोफाइल काढून टाकावी.