महिन्याच्या यादीत डाळ किती?

घरातलं खाणं संतुलित आहे का, हे ताटाकडे पाहून सहसा कळत नाही. ताटात पोळी असते, भात असतो, वरण, भाजी, कोशिंबीर, सगळं असतं. चूक असते ती प्रमाणात, आणि ती दिसते महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत. म्हणून गेल्या महिन्याची यादी समोर घ्या आणि दोनच आकडे शोधा: धान्य किती किलो आलं आणि डाळी-कडधान्यं किती किलो आली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका काढली. रोज २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात दिवसाचं ताट असं मांडलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, शेंगदाणे-तिळासारख्या तेलबिया आणि सुकामेवा मिळून ३५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम. धान्य, डाळींची वजनं शिजवण्याआधीची, कोरडी आहेत. हे आकडे चौघांच्या घराला आणि तीस दिवसांना लावले तर धान्य ३० किलो होतं आणि डाळी-कडधान्यं १० किलो. लहान मुलं असतील तर दोन्ही आकडे थोडे उतरतील, पण तिनास एक हे प्रमाण तेच राहील. आता आपली यादी पाहा. पुष्कळ घरांत तूरडाळ दोन किलो, मूगडाळ अर्धा किलो, मटकी-चवळी मिळून एखादा किलो, एवढ्यावर महिना निघतो.

हे प्रमाण तिनास एकच का, याचं उत्तर प्रथिनांच्या रचनेत आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात आणि त्यांतली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. गहू, ज्वारी, तांदूळ यांच्यात लायसीन हे आम्ल कमी पडतं. डाळीत लायसीन भरपूर, पण मेथिओनीन कमी. ते धान्यात बऱ्यापैकी असतं. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. दोन्ही एकाच घासात यायला हवीत असं नाही, दिवसभरात आली तरी चालतं. पण डाळ नावापुरती असेल तर धान्यातल्या प्रथिनांचाही पूर्ण उपयोग होत नाही.

६० किलो वजनाच्या प्रौढ माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात (किलोमागे ०.८३ ग्रॅम). २५० ग्रॅम धान्यातून वीस-पंचवीस ग्रॅम मिळतात, ८५ ग्रॅम डाळीतून अठरा, दूध आणि दाण्यांमधून आणखी पंधरा-सतरा. हिशेब सहज जुळतो. तो बिघडतो पातळ आमटीत. वाढायची वाटी साधारण १५० मिलिलिटरची असते. ती कोरड्या तूरडाळीने भरली तर सव्वाशे ग्रॅम डाळ बसते. चौघांना एका वेळेला एवढी डाळ शिजायला हवी. आपण बहुतेकदा अर्धी वाटी कुकरला लावतो आणि पाणी वाढवून चार वाट्या आमटी करतो. मग प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पंधरा ग्रॅम डाळ, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम प्रथिनं येतात. चव उत्तम असते, आमटी भुरकल्याचं समाधानही असतं, आणि कमतरता कुणाच्या लक्षात येत नाही.

८५ ग्रॅम डाळ आमटीतूनच पोटात जायला हवी असं कुणी म्हणत नाही. मराठी स्वयंपाकात डाळीला किती वाटा आहेत ते पाहा: पिठलं, झुणका, मुगाची धिरडी, मटकीची उसळ, डाळवांगं, हरभऱ्याची डाळ आणि दाणे घातलेलं अळूचं फदफदं, उडीद घातलेल्या आंबोळ्या, थालीपिठाची भाजणी. सकाळी धिरड्यात २५ ग्रॅम, दुपारी घट्ट वरणात ३०, रात्री उसळीत ३०, झाला हिशेब. मांसाहारी घरात हे आणखी सोपं आहे. एका अंड्यात साधारण ३० ग्रॅम डाळीएवढी प्रथिनं असतात आणि १०० ग्रॅम मासळीत अठरा ते वीस ग्रॅम. उपासाच्या दिवशी मात्र जपायला हवं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्याच्या खिचडीतली प्रथिनं दाण्याच्या कुटातूनच येतात. कूट सढळ हाताने घाला आणि सोबत दही घ्या.

दुसरी मोठी उणीव लोहाची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. बाजरी, कडधान्यं, पालेभाज्यांमध्ये लोह असतं, पण त्यांतलं फायटिक आम्ल ते धरून ठेवतं, त्यामुळे आतड्यात थोडंच शोषलं जातं. इथे लिंबाची फोड कामाला येते. क जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात ठेवतं. मात्र ते उष्णतेने नष्ट होतं, म्हणून लिंबू उकळत्या आमटीत नको, पानात पिळा. आवळा, पेरू, कच्ची कोबीची कोशिंबीर हेच काम करतात. मोड आणल्याने आणि आंबवल्याने फायटिक आम्ल कमी होतं. चहा याच्या उलट वागतो: त्यातली टॅनिनं लोहाला बांधून टाकतात. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा नको. जेवून उठल्यावर लगेच चहाचा कप घेण्याची सवय असेल तर बदलायची पहिली गोष्ट हीच.

तेलाचा हिशेबही यादीतच सापडतो. माणशी २७ ग्रॅम म्हणजे चहाचे सहा चमचे. चौघांना महिन्याला तेल-तूप मिळून साडेतीन लिटरच्या आत. पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल तर जास्त होतंय. फरसाण-वेफर्समधलं तेल तर या डब्यात मोजलंच जात नाही. मीठ माणशी ५ ग्रॅम, म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम, लोणच्या-पापडातलं धरून.

डाळ वाढवायची ती हळूहळू. पहिल्या महिन्यात दोन किलो, पुढच्या महिन्यात आणखी दोन. एकदम वाढवली तर पोट फुगतं, कारण कडधान्यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. कडधान्य आठ-दहा तास भिजवून ते पाणी टाकून द्या, ताज्या पाण्यात शिजवा. त्या शर्करांचा काही भाग पाण्याबरोबर निघून जातो. लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा घालू नका, त्याने ब१ जीवनसत्त्व जातं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डाळीचं प्रमाण वाढवू नये.