व्हिडिओ गेमची चाचेगिरी (नाशिक)

व्हिडिओ गेमची चाचेगिरी : हक्कधारकाच्या परवानगीशिवाय गेमची प्रत काढणे, विकणे, वाटणे किंवा वापरणे, आणि त्यासाठी गेमवरचे कुलूप काढणे. ‘चाचेगिरी’ हा वर्तमानपत्री शब्द. नाशिकमध्ये काउंटरवर तो कुणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही. तिथे गेम ‘ओरिजिनल’ असतो नाहीतर ‘कॉपी’, सीडी ‘क्रॅकवाली’ (कुलूप काढणारी फाइल सोबत असलेली) असते आणि पीएस टूला, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन २ या गेमयंत्राला, ‘चिप मारलेली’ असते. या व्यवहारात चोरीचा भाव जवळजवळ नव्हता. बिल मिळत नसे, एवढाच काय तो संकेत.

खोटी प्रत ओळखायची कशी, हा प्रश्न या शहराला नवा नाही. नाशिकरोडला १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात. नोट खरी की खोटी हे तिच्यावर काय छापले आहे यावरून ठरत नाही. ती कोणत्या कागदावर आणि कशी छापली आहे यावरून ठरते : जलचिन्ह, सुरक्षा धागा, बोटाला लागणारी उठावाची शाई. गेमची पंचाईत इथेच आहे. गेम म्हणजे शेवटी शून्य आणि एक यांची लांबलचक माळ. तिची नक्कल मूळ मालाइतकीच अस्सल निघते आणि नकलेची नक्कलही तितकीच. म्हणून गेमचे कुलूप माळेत नव्हे, तिच्या बाहेर कुठेतरी बसवावे लागते : कॅसेटच्या सॉकेटमध्ये, सोबतच्या पुस्तिकेत, तबकडीच्या खोबणीत किंवा दूरदेशीच्या सर्व्हरवर. ते कुठे बसवले यावरच पुढचा सगळा इतिहास अवलंबून राहिला.

पहिल्या पर्वात कुलूप नव्हतेच. नव्वदच्या दशकात नाशिकच्या घराघरांत ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जे खोके टीव्हीला जोडले गेले, ते बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉम या १९८३च्या जपानी यंत्राच्या नकला होते. निन्टेंडोने १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या यंत्रात परवान्याची कॅसेट ओळखणारी चिप बसवली, पण जपानी मूळ यंत्रात ती नव्हती. नकला करणाऱ्यांनी अर्थातच जपानी यंत्र धरले. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे लिहिलेले असे. प्रत्यक्षात आत मोजके गेम आणि तेच पुन्हापुन्हा, कुठे तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे तर कुठे नाव बदललेले. चालली नाही की कॅसेट काढायची, तळाशी फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. आपल्या घरातला हा खोका कुणाची तरी नक्कल आहे, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. मूळ यंत्र इथे पाहिलेच कुणी होते?

पार्लरमधली गोष्ट जरा वेगळी. नाणे टाकून खेळायच्या मशीनवर सगळ्यांत जास्त गर्दी असे ‘मुस्तफा’ला. कॅपकॉमच्या १९९३च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला त्यातल्या एका पात्रावरून पडलेले हे नाव. या गेमच्या मूळ बोर्डावर आवाजाचा प्रोग्राम सांकेतिक रूपात साठवलेला असे आणि त्याची किल्ली बॅटरीवर चालणाऱ्या स्मृतीत. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि बोर्ड मुका होई. म्हणजे कुलूप इतके कडक की मालकालाही बाहेर ठेवणारे. बेकायदा बोर्ड बनवणाऱ्यांनी हा आवाजाचा भागच काढून टाकला आणि जागी स्वस्त चिप लावली. त्यामुळे देशोदेशी ‘मुस्तफा’ दोन आवाजांत वाजत राहिला, आणि फाटका आवाज असलेल्या बोर्डाची बॅटरी कधीच संपली नाही.

संगणकावरचे एक जुने कुलूप कागदाचे होते. १९८९च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त पहिली लेव्हल संपली की एका दालनात बाटल्या मांडलेल्या असत, प्रत्येकीवर एक अक्षर. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचे पहिले अक्षर ज्या बाटलीवर, ती प्यायची. पुस्तिका नसेल तर पुढे रस्ता नाही. शाळेच्या लॅबमधून फ्लॉपीवर घरोघरी गेलेल्या ‘प्रिन्स’मध्ये ही अडचण आधीच कुणीतरी सोडवलेली असे. आम्ही काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून लेव्हली ओलांडत होतो. पुस्तिका अशी काही वस्तू असते, हे पुढे कळले.

सीडी रायटर स्वस्त झाला आणि नाशिकमध्ये या व्यवहाराचा धंदा झाला. एम. जी. रोड परिसरातल्या तळघरातला एक गाळा नोंदलेखकाच्या चांगला लक्षात आहे. दोन माणसे मावतील एवढी जागा, भिंतीवर ब्लँक डिस्कचे डबे, टेबलावर लग्नाच्या अल्बमएवढे जाडजूड फोल्डर. पानोपानी प्रिंटरवर छापलेली गेमची मुखपृष्ठे, शाई संपत आल्याने निळी पडलेली, प्रत्येकावर पेनाने आकडा. गिऱ्हाइकाने नाव नाही, आकडा सांगायचा. डीव्हीडीवर गेम उतरेपर्यंत दहा मिनिटे पंख्याखाली उभे राहायचे. मग दुकानदार मार्करने नाव लिहून सूचना द्यायचा, आणि त्या मंत्रासारख्या पाठ असत : “आधी अँटिव्हायरस बंद कर. इन्स्टॉल झालं की क्रॅकच्या फोल्डरातली फाइल उचलून गेमच्या फोल्डरात टाक, रिप्लेसला येस म्हण. नाही चालली तर बदलून देईन, पण स्क्रॅच पाडून आणायची नाही.” सीडीला पन्नास, डीव्हीडीला शंभर-दीडशे रुपये. विक्रीनंतरची ही सेवा त्या काळच्या कितीतरी अधिकृत विक्रेत्यांकडे नव्हती, हे खेदाने नोंदवावे लागते. अँटिव्हायरस बंद केल्याची किंमत मात्र पुढे संगणक फॉरमॅट करणाऱ्याला मोजावी लागे, आणि बहुतेकदा तोही याच गाळ्यात बसलेला असे.

याच काळात प्लेस्टेशनचे कुलूप लोकांना कळले. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कवर अगदी आतल्या भागात, खोबणीच्या सूक्ष्म डुलण्यात, प्रदेशाचा संकेत कोरलेला असे. घरचा रायटर सगळी माहिती उतरवी, पण खोबणीचे डुलणे त्याला उतरवता येत नसे. नोटेच्या जलचिन्हाचा हा थेट भाऊ. त्यावर तोड निघाली ती डिस्कमध्ये नव्हे, यंत्रात. बोर्डावर डाग देऊन बसवलेली चिमुकली चिप यंत्राला तोच संकेत ऐकवत राही आणि यंत्र समोर येईल ती डिस्क अस्सल मानी. जलचिन्ह वठवण्याऐवजी नोट तपासणाऱ्याचा चष्माच बदलण्यासारखे. पीएस टूलाही पुढे चिपा निघाल्या. २००८ मध्ये मेमरी कार्डातूनच काम भागवणारी युक्ती आली आणि डाग देणाऱ्यांची गरज संपली. मुद्रांक घोटाळ्यात अब्दुल करीम तेलगीने नाशिकच्या प्रेसमधून बाद झालेली यंत्रे मिळवली होती, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. कुलूप फोडण्यापेक्षा कुलूप बनवणाऱ्याच्या घरात शिरणे नेहमीच सोपे असते.

संगणकाच्या डिस्कवर सेफडिस्क, सिक्युरॉम, स्टारफोर्स अशी कुलुपे आली. मुद्दाम सदोष ठेवलेले भाग किंवा माहितीची डिस्कवरची नेमकी जागा तपासून ती प्रत खरी की खोटी ठरवत. पुढे इंटरनेटवरून सक्रिय करण्याची अट आली. २००८च्या ‘स्पोर’ला सुरुवातीला तीनच वेळा सक्रिय करायची मुभा होती. ओरड झाल्यावर ती पाचवर नेली, आणि गेम भरपूर कॉपी व्हायचा तो झालाच. २०१० मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’साठी एकट्याने खेळतानाही सतत इंटरनेट असण्याची सक्ती केली. त्याच मार्चमध्ये कंपनीचे सर्व्हर बंद पडले आणि पैसे मोजलेले लोक खेळाबाहेर राहिले. नाशिकच्या वाचकाला यात एक स्थानिक पदर दिसेल. ते भारनियमनाचे दिवस होते. इन्व्हर्टरवर संगणक तग धरायचा, पण कोपऱ्यावरच्या केबलवाल्याचे स्विच मरायचे. ज्याने ओरिजिनल घेतला तो हात चोळत बसे, क्रॅकवाला खेळत राही. कुलुपाचा जाच फक्त घरमालकाला झाला, असा हा प्रकार. खुद्द युबिसॉफ्टने २००८ मध्ये ‘रेनबो सिक्स व्हेगास २’ डिस्कविना चालावा म्हणून दिलेली दुरुस्ती चाच्यांच्या एका टोळीच्या क्रॅकवरून घेतलेली निघाली होती. २०१५ मध्ये विंडोज १० ने सुरक्षेच्या कारणासाठी सेफडिस्कला आणि सिक्युरॉमच्या जुन्या आवृत्त्यांना थारा देणे बंद केले. तेव्हापासून जपून ठेवलेल्या कित्येक ओरिजिनल सीडी नव्या संगणकावर जशाच्या तशा चालत नाहीत. मार्करने नाव लिहिलेल्या चालतात.

किमतीचा प्रश्न मात्र केवळ स्वस्त-महागाचा नव्हता. स्टीम हे ऑनलाइन दुकान २००३ मध्ये सुरू झाले, पण नोव्हेंबर २०१५ पर्यंत तिथे भारतीयांसाठी दर डॉलरमध्ये होते. घरात क्रेडिट कार्ड असणे, ते परदेशात चालणे आणि वडिलांनी ते मुलाच्या हाती देणे, या तीन अटी एकाच घरात जुळणे दुर्मीळ. म्हणजे द्यायला पैसे असले तरी देण्याची वाट नव्हती. उलट बीएसएनएलच्या ‘होम ५००’ प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट होते, आणि कित्येक इंजिनिअरिंगवाल्यांचा संगणक त्या सहा तासांत टॉरेंटला (इतरांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्याने फाइल उतरवण्याला) जुंपलेला असे. चाचेगिरी हा बहुतेकदा किमतीचा नव्हे तर सेवेचा प्रश्न असतो, असे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल सांगत आले आहेत. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे लासलगावच्या हिशेबाने समजते. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस ५ भारतात ₹४९,९९० ला आला आणि त्याचे मोठे गेम ₹४,९९९ ला. कांद्याला हजार रुपये क्विंटल भाव धरला तर एक गेम म्हणजे पाच क्विंटल कांदा. त्या दराने दहा गेम घेतले की दुसरे यंत्र आले असते. अमेरिकेत ७० डॉलर ही वीकेंडची चैन असेल. इथे ती घरात चर्चा करून घ्यायची खरेदी आहे.

रुपयांतले दर, जून २०१५ पासून मिळालेली परताव्याची सोय (१४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत), सणासुदीचे सेल आणि नंतर यूपीआय यांनी जे केले ते धाडींनी केले नव्हते. तळघरातल्या त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरे आणि टेम्पर्ड ग्लास मिळतात. प्रदेशानुसार कमी दर ठेवण्याला मर्यादा असते, कारण स्वस्त देशातून माल उचलणारे सगळीकडे असतात. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानातले दर बाहेरच्यांनी सर्रास वापरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने चलनाच्या चढउताराचे कारण देऊन तिथली स्थानिक चलने बंद केली आणि डॉलर आणला. तिथल्या खऱ्या गिऱ्हाइकांवर आलेली वेळ आपल्या २०१५ पूर्वीच्या वेळेसारखीच.

सध्याचे सर्वांत चिवट कुलूप म्हणजे डेनुव्हो, ऑस्ट्रियात तयार झालेले आणि २०१४ मध्ये ‘फिफा १५’पासून वापरात आलेले. त्याच्या मालकांचाही दावा ‘कधीच न फुटण्याचा’ नाही, पहिले काही आठवडे टिकण्याचा आहे, कारण खरी कमाई त्यातच होते. २०२४ मधल्या एका अभ्यासात, पहिल्याच आठवड्यात क्रॅक निघाला तर उत्पन्न सरासरी सुमारे २० टक्क्यांनी घटते आणि बारा आठवड्यांनंतर निघाला तर जवळपास काहीच फरक पडत नाही, असे दिसले. मग जुन्या गेमवर ते का ठेवावे, याचे पटण्यासारखे उत्तर नाही, आणि काही कंपन्या कालांतराने ते काढूनही टाकतात. या कुलुपामुळे जुन्या गाळ्याचा नवा अवतार मात्र निघाला. टेलिग्राम-इन्स्टाग्रामवर ‘ऑफलाइन ॲक्टिव्हेशन’ विकणारी मुले एकच विकत घेतलेला गेम खात्याच्या पासवर्डसह अनेकांना देतात. इथे क्रॅक नाही, पण दुकानाच्या अटींचा भंग आहे. बदलून द्यायची हमी पूर्वीसारखीच, फक्त दुकानदार दिसत नाही.

फोनवर खेळणाऱ्या पिढीला यातले काहीच लागू नाही. जिओ (२०१६) आणि पब्जी मोबाइल (२०१८) यांच्यानंतर गेम फुकटच मिळू लागला. कॉपी करण्यासारखे उरले नाही, विकायला उरल्या त्या आयडी (खेळाडूची खाती) आणि स्किन (पात्रांची सजावट).

कायद्याने पाहता संगणक प्रणाली ही कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये ‘साहित्यकृती’त मोडते, म्हणजे ‘मुस्तफा’ आणि कादंबरी एकाच रांगेत. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ₹५०,००० ते ₹२ लाख दंड. कलम ६३ब जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्यालाही गाठते. कुलूप तोडणे २०१२ च्या दुरुस्तीने, कलम ६५अ मुळे, गुन्हा झाले, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला राखीव प्रत काढायची मुभा कलम ५२ देते. महाराष्ट्राच्या १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात झोपडपट्टीगुंड आणि हातभट्टीवाल्यांच्या रांगेत पुढे ‘व्हिडिओ पायरेट्स’ही येऊन बसले. त्यांत गाळ्यातला तो पोरगा बसतो का, हे ठरवायची वेळ आल्याचे नोंदलेखकाच्या पाहण्यात नाही.

आज शहरात जिवंत असलेला व्यवहार कायदेशीर आहे : पीएस ४, पीएस ५ च्या वापरलेल्या डिस्क. एक खेळून झाली की दुकानात द्यायची, वर काही शे रुपये घालून दुसरी उचलायची. ₹४,९९९ चा गेम असा चार-पाच घरांत फिरतो आणि प्रत्येकाला परवडतो. कंपन्यांना हे फारसे रुचत नाही. पीएस ५ ची एक आवृत्ती डिस्कच्या खाचेविनाच येते आणि ऑनलाइन घेतलेला गेम पुढे विकता येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरण्याआधी स्पष्ट सांगते की आपण गेम नव्हे, त्याचा परवाना घेत आहात. त्यामुळे खाच असलेला जुना पीएस ५ घ्यावा की नसलेला स्वस्तातला, हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना दुकानदार आता पहिला प्रश्न विचारतो : “तुमच्याकडे एक्स्चेंज करणारे मित्र किती?”