हरकत आणि अपील: पंधरा दिवस मोजायचे कुठून?

घरपट्टीचं बिल आलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेलं वाक्य पडतं: "यावर आपण अपील करूया." सोसायटीचा सचिव म्हणून हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता राग येतो. लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा म्हणायची असते हरकत, आणि तिची मुदत बिल छापण्याआधीच उलटून गेलेली असते.

मी बोलतोय ते १९४९च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाबद्दल, म्हणजे पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर वगैरे. मुंबईचा कायदा १८८८चा आणि वेगळा. तिथे २०१०पासून कर भांडवली मूल्यावर आहे. नगरपरिषदांना १९६५चा कायदा लागतो. 'चतुर्थ वार्षिक' (दर चार वर्षांनी होणारी फेरआकारणी) हा शब्द ज्यांच्या गावात ऐकू येतो त्यांनी मुदती आपल्या नोटिशीवरूनच पाहाव्यात.

हरकत काय असते हे बहुतेकांना ठाऊक असतं. फेरमूल्यांकनानंतर वॉर्डाची यादी तयार होते, जाहीर सूचना निघते, आपण साध्या कागदावर अर्ज देतो, आवकचा शिक्का घेतो, सुनावणीला जाऊन खुर्चीवर बसतो. वकील लागत नाही. अर्ज आयुक्तांच्या नावाने, समोर बसतात कर विभागाचे साहेब. अपील मात्र न्यायाधीशांपुढे: पुण्यात लघुवाद न्यायालयात, इतर शहरांत दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. इथवर कुणी फारसं चुकत नाही.

घोळ होतो तो मुदतीत, कारण दोन्हीकडे आकडा एकच आहे: पंधरा दिवस.

पहिले पंधरा दिवस हरकतीचे. घराचं करयोग्य मूल्य (वर्षाच्या भाड्याचा तो आकडा ज्यावर कर बसतो) वाढवलं असेल किंवा घर पहिल्यांदाच यादीत आलं असेल, तर पालिकेने मालकाला स्वतंत्र लेखी नोटीस द्यायची असते. ती हातात पडल्यापासून पंधरा दिवस मोजायचे. ज्यांचं मूल्य वाढलेलं नाही पण आधीपासूनच चुकीचं आहे, त्यांना अशी नोटीस येत नाही. त्यांनी जाहीर सूचनेतली तारीख पाळायची.

दुसरे पंधरा दिवस अपिलाचे. मूल्याविरुद्धच्या अपिलात ते नोटिशीपासून मोजत नाहीत आणि बिलापासूनही नाहीत. आपल्या हरकतीवर निकाल लागला त्या दिवसापासून मोजतात. आणि हरकतच घेतली नसेल तर? मग मोजायला सुरुवातच कुठून करणार? कलम ४०६ सरळ सांगतं की मूल्याविरुद्धचं अपील दाखल करून घ्यायचं तर आधी आयुक्तांकडे तक्रार, म्हणजे आपली हरकत, झालेली हवी आणि तिचा निकाल लागलेला हवा. हरकत घ्यायचा कंटाळा केला आणि एकदम कोर्टात गेलो, असं या कायद्यात चालत नाही. वर्षाच्या मध्येच नोंद बदलली, उदाहरणार्थ गच्चीवर खोली चढवली म्हणून मूल्य वाढवलं, तरी क्रम हाच.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हरकत मुदतीत दिली होती. मजकूर एका ओळीचा: "कर फारच वाढला आहे, तरी कमी करावा ही विनंती." सुनावणी दोन मिनिटांत आटोपली. हरकतीत कारणं थोडक्यात पण पुरती लिहावीत अशी नियमाची अपेक्षा आहे, आणि 'फारच' हे कारण नव्हे. पुढे मी त्यांचा उतारा पाहिला. क्षेत्रफळ ७८० चौरस फूट, करारनाम्यात चटई क्षेत्र ६४०. समजा दर महिना चौरस फुटाला २ रुपये धरला. ७८०ला वर्षाचं भाडं १८,७२० होतं, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य १६,८४८. ६४०ला तेच १३,८२४ येतं. फरक ३,०२४ रुपयांचा, आणि सगळे कर मिळून ४० टक्के धरले तर दरसाल बाराशेच्या वर. करारनाम्याची झेरॉक्स जोडली असती तर काम झालं असतं. मी सांगेपर्यंत निकालाला महिना उलटला होता, म्हणजे अपीलही गेलं. म्हणून निकालाचं पत्र तारखेसकट मागून घ्या. "कळवू" म्हणाले तर पुन्हा लेखी विचारा.

ग्रुपवरचं ते अठ्ठेचाळीस सह्यांचं निवेदनही माझ्या डोक्यात जातं. नगरसेवकाच्या हातात दिलेलं निवेदन ही हरकत होत नाही. प्रत्येक फ्लॅटची नोंद वेगळी, हरकतही वेगळी. शिवाय निवेदनात भांडण असतं कराच्या दराशी, आणि दर महासभा ठरवते. त्यासाठी मोर्चा काढा, जरूर काढा, मीही येईन. सुनावणीच्या टेबलावर फक्त तुमच्या घराचं मूल्य असतं: क्षेत्रफळ, वापर निवासी की व्यापारी, बांधकामाचं वर्ष, स्वतः राहता की भाडेकरू आहे. स्वतः राहणाऱ्यांना पुण्यात मिळणारी ४० टक्के सवलत आणि तिचा पीटी-३ अर्ज ही आणखी तिसरीच गोष्ट, ती यात कालवू नका.

पैशाचं एकच सांगतो. "हरकत घेतलीय ना, मग बिल भरू नका" हा सल्ला फॉरवर्ड करणारा तुमची शास्ती भरायला येणार नाही, आणि ती महिन्याला २ टक्क्यांनी चढते. अपिलात तर न भरण्याचा प्रश्नच नाही: वादातल्या मूल्यावर अपिलाच्या तारखेपर्यंत जेवढा कर निघतो तेवढा आधी पालिकेत जमा करायचा, मगच अपील ऐकलं जातं. त्यात वकिलाची फी आणि तारखा. बाराशे रुपयांसाठी मी ते करणार नाही. मोठं दुकान किंवा गोडाऊन असेल आणि फरक लाखात असेल, तर गोष्ट निराळी. तरीही वकील पहिला प्रश्न हाच विचारेल: हरकतीची शिक्क्याची प्रत कुठाय?