जाम की पेरू? मराठवाड्यातल्या वाचनामागचा इतिहास

पहिलीच्या तक्त्यात 'प'समोर पेरूचं चित्र असतं. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांतलं लेकरू ते बघून म्हणतं, "जाम." फळ त्यानं बरोबर ओळखलेलं असतं. हैदराबादेतही पेरूला जामच म्हणतात आणि आपला हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता. वर्गात मात्र उत्तर चुकीचं ठरतं आणि लेकरू पुढच्या चित्राला गप्प राहतं. मराठवाड्यातली मुलं वाचनात मागे का, ही चर्चा निघते तेव्हा मला हे गप्प राहणं आठवतं.

निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. खालच्या इयत्तांत मराठी चालायची, पण पुढे शिकायचं तर उर्दूतून. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही माध्यम उर्दू. ज्या अंबाजोगाईशी मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांचं नाव जोडलेलं आहे, तिथल्या मुलांना आपल्या भाषेत वरपर्यंत शिकता येत नव्हतं. म्हणून १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते, पुढे ते अंबाजोगाईच्या शाळेत आले. मराठी शाळा काढणं हे त्या काळी स्वातंत्र्याच्या लढ्याचंच काम होतं. ज्या घरांत तेव्हा पुस्तक शिरलं नाही, त्या घरांतल्या पुढच्या पिढीला वाचून दाखवणारं माणूस मिळालं नाही. हे नुकसान कुठल्या आकड्यात दिसत नाही, पण ते फार मोठं आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि मराठी शाळेत परतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६७ साली पुण्यात बालभारतीची स्थापना झाली. पुस्तक मराठीत आलं, हे मोठंच काम झालं. मात्र ती मराठी प्रमाण होती. घरी "काय करायलास?" ऐकणाऱ्या लेकराला पुस्तकात "काय करतोस?" भेटलं. आपल्याकडे आखाडा म्हणजे शेतातली राहायची, गुरं बांधायची जागा; पुस्तकात तो पैलवानांचा. बंजारा तांड्यावरच्या मुलाला तर घरची गोरबोली सोडून मराठीच नव्यानं शिकायची होती. प्रमाण भाषा शिकवूच नये, असं मी म्हणणार नाही. ती आलीच पाहिजे. प्रश्न सुरुवात कुठून करायची, एवढाच आहे.

१९८६ साली गॉफ आणि टन्मर या अभ्यासकांनी एक साधी मांडणी केली: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. हा गुणाकार आहे, त्यामुळे एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. आपल्या शाळा वर्षानुवर्षं पहिल्याच बाजूवर राबल्या. चौतीस व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं, म्हणजे चारशेच्या वर आकार. वर जोडाक्षरं वेगळी. सगळी बाराखडी पाठ झाल्यावरच शब्द द्यायचा, ही रीत. त्यात वर्ष-दोन वर्षं जातात आणि तोवर मुलाला वाचण्यातून काहीच अर्थ हाती लागलेला नसतो. त्यापेक्षा क, म, ल, र एवढी अक्षरं आणि काना शिकवला, तर त्याच आठवड्यात मका, काम, मामा, माल, लाल वाचता येतात. हे शब्द त्याच्या तोंडात आधीपासूनच असतात, म्हणून अक्षर चुकलं तरी अर्थ त्याला सावरून घेतो.

शब्दसंपत्तीबद्दल एक अभ्यास फार सांगितला जातो. हार्ट आणि रिस्ली यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत ४२ कुटुंबं पाहिली आणि १९९५ साली मांडलं की गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. त्यावरून गरीब आईबापांनाच दोष दिला गेला. २०१८ साली दुसऱ्या अभ्यासकांनी मुलाच्या आसपास चालणारं सगळ्यांचं बोलणं मोजलं, तेव्हा ती दरी तशी दिसली नाही. मला हे मनापासून पटतं. ज्या घरात आजी कोडी घालते, काकू भांडते, बाप बैलाशी बोलतो आणि रात्री भारूड-कीर्तन कानावर पडतं, तिथे शब्दांची टंचाई नसते. कमी असतं ते लेकराला समोर बसवून गोष्ट सांगणं, "मग पुढं काय झालं असंल?" असं विचारून त्याचं उत्तर शेवटपर्यंत ऐकणं.

अंगणवाडी हा शब्द ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगांतून आला. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी गावोगाव पोचली. तिथे पोषण आहाराला जे महत्त्व मिळालं, ते गाणी-गोष्टींना मिळालं नाही. २००५ पासून 'असर' या नावानं मुलांच्या शिकण्याच्या देशभर पाहण्या सुरू झाल्या. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर मुलांचं वाचन घरी जाऊन तपासलं जाऊ लागलं आणि देशभरात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे उघड झालं. त्यानंतर २०१५ चा राज्य सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम आणि २०२१ चं केंद्राचं निपुण भारत अभियान आलं. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून वाचावेत, हे निपुणचं उद्दिष्ट. 'समजून' हा शब्द तपासणीच्या घाईत हरवू नये.

बीड जिल्ह्यात याचा सर्वांत मोठा कस लागतो. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुलं मागे राहतात, बाकीची आईबापांबरोबर जातात. परत आलेल्या मुलाची बाराखडी अर्धी विसरलेली असते. पण फड, कोपी, मोळी, मुकादम, उचल, कोयता हे शब्द त्याला पक्के माहीत असतात. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, जोडीनं ऊस तोडणारे नवराबायको, हेही ते सांगू शकतं. त्याला आधी बोलू द्यावं, मग 'फड' फळ्यावर लिहावं. दोनच अक्षरं, काना नाही की मात्रा नाही.